भूकंप की भूमिगत स्फोट? : भूकंपलहरींची साक्ष

११ मे १९९८ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास राजस्थानातील पोखरण येथे जमिनीखाली अणुस्फोट घडविण्यात आले. पंतप्रधान श्री. अटलबिहारी वाजपेयी यांनी त्याची घोषणा केली ती सायंकाळी. परंतु त्यापूर्वीच ही वार्ता खडकांतून प्रवास करून दूरवर पोहोचली होती. पोखरणपासून सुमारे ७४० किलोमीटरवर, इस्लामाबादजवळ नीलोर येथे एक भूकंपलेखक यंत्र आहे. त्या यंत्राची लेखणी स्फोटानंतर दोन मिनिटांच्या आत थरारली. जगातील इतर अनेक वेधशाळांतही अशीच नोंद झाली आणि धक्क्याची महत्ता, म्हणजे ज्याला आपण बोलीत 'रिश्टरचा आकडा' म्हणतो ती, सुमारे ५.२ निघाली.

आता एवढ्या महत्तेचे भूकंप जगात वर्षाकाठी शेकड्यांनी होतात. त्याच परिसरात एप्रिल १९९५ मध्ये झालेल्या एका नैसर्गिक भूकंपाची नोंदही नीलोरच्या यंत्राने टिपलेली होती. मग १९९८ ची नोंद स्फोटाची आणि १९९५ ची भूकंपाची, हे कोणीही न सांगता केवळ कागदावरील रेषांवरून ओळखता येईल काय? येते. शास्त्रज्ञांनी हे दोन आलेख एकाखाली एक ठेवले तेव्हा त्यांतील भेद सामान्य माणसाच्याही नजरेत भरावा इतका ठळक होता. स्फोटाच्या आलेखात प्रारंभीच उंच, तीव्र रेषा उमटल्या आणि पुढील भाग तुलनेने शांत राहिला. भूकंपाच्या आलेखात आरंभ क्षीण होता आणि खरी खळबळ दीड-दोन मिनिटांनी आलेल्या लहरींत होती.

हा भेद का पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. अणुचाचण्यांवर बंदी घालणारे आंतरराष्ट्रीय करार, त्यांच्या भंगाचे आरोप आणि त्या आरोपांचे खंडन यांपैकी पुष्कळसे या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिले आहे.

दोन धक्के, दोन स्वभाव

जमिनीत धक्का बसला की त्यातून दोन मुख्य प्रकारच्या लहरी खडकांतून निघतात. पहिल्या प्रकारात खडकाचे कण लहरीच्या दिशेनेच पुढेमागे हलतात. खडक दाबला जातो व सैल होतो. ध्वनीच्या लहरी हवेतून जातात तशाच या होत. भूकवचात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर असतो. त्या सर्वांत आधी पोहोचतात म्हणून त्यांना प्राथमिक किंवा 'पी' लहरी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात कण लहरीच्या दिशेला काटकोनात हलतात. दोरीचे एक टोक झाडाला बांधून दुसरे हाताने झटकले असता दोरीतून जी नागमोडी लाट जाते, तिच्यासारखी ही हालचाल असते. या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर असतो. त्या मागाहून येतात. म्हणून त्यांना द्वितीयक किंवा 'एस' लहरी म्हणतात. याखेरीज भूपृष्ठालगत पसरणाऱ्या, संथ आणि लांब अशा पृष्ठलहरी असतात. त्या सर्वांत शेवटी येतात.

आता स्फोटाचा विचार करू. कुंभाराच्या ओल्या मातीच्या गोळ्यात मध्यभागी एखादा फुगा ठेवून तो एकाएकी फुगविला, तर माती सर्व बाजूंना सारखीच ढकलली जाईल. भूमिगत स्फोटात असेच होते. सेकंदाच्या अत्यल्प अंशात अतिशय लहान जागेत प्रचंड उष्णता व दाब निर्माण होतो आणि सभोवतालचा खडक सर्व दिशांना बाहेर रेटला जातो. दाब निर्माण करणाऱ्या पी लहरी त्यामुळे जोरदार असतात. खडक आडवा सरकविणारी क्रिया मुळातच अल्प असल्याने एस लहरी दुबळ्या राहतात.

भूकंपाची गोष्ट निराळी आहे. जमिनीतील विभंगाच्या दोन बाजूंचे खडक वर्षानुवर्षे ताण साठवीत असतात. हा ताण घर्षणापेक्षा अधिक झाला की एक बाजू एकीकडे व दुसरी तिच्या विरुद्ध दिशेला सरकते. येथे फुगणे नाही, घसरणे आहे. घसरणीतून एस लहरी मोठ्या प्रमाणावर निघतात. शिवाय ही घसरण एका बिंदूपाशी घडत नाही. मध्यम भूकंपातही ती कित्येक किलोमीटर लांबीवर पसरते आणि तिला काही सेकंद लागतात. साहजिकच लांब पृष्ठलहरीही तिच्यामुळे अधिक प्रमाणात उठतात.

तेव्हा धक्का किती मोठा, हा येथे प्रश्नच नव्हे. धक्का कोणत्या जातीचा, हा प्रश्न आहे. वृत्तपत्रांत महत्तेचा आकडा तेवढा ठळकपणे छापला जातो. परंतु या बाबतीत तो आकडा जवळजवळ मुका असतो.

पहिली हालचाल वर की खाली?

भेद ओळखण्याची पहिली कसोटी अगदी साधी सुचली होती. स्फोट सर्व बाजूंना ढकलतो. त्यामुळे जगातील प्रत्येक वेधशाळेत जमिनीची पहिली हालचाल वरच्या दिशेने व्हावयास हवी. भूकंपात मात्र विभंगाभोवतीच्या प्रदेशाचे चार भाग पडतात. समोरासमोरच्या दोन भागांत पहिली हालचाल बाहेर ढकलणारी, तर उरलेल्या दोन भागांत आत ओढणारी असते. त्यामुळे काही वेधशाळांत लेखणी प्रथम वर जाते व काहींत खाली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात विभंगाच्या दोन बाजू मुख्यतः आडव्या सरकल्या, हे शास्त्रज्ञांनी ठरविले ते अशा नोंदींच्याच आधारे.

सन १९५८ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा येथे आठ राष्ट्रांचे तज्ज्ञ जमले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व कॅनडा हे एका बाजूला आणि सोव्हिएट संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया व रुमानिया हे दुसऱ्या बाजूला. वर्षापूर्वीच, सप्टेंबर १९५७ मध्ये, अमेरिकेने नेवाडात पूर्णतः जमिनीखाली सामावलेला पहिला अणुस्फोट केला होता. अशा चाचण्या लपून राहतील काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. जमिनीवर १६० ते १७० नियंत्रण केंद्रे आणि समुद्रावर सुमारे दहा जहाजे ठेवल्यास बंदीवर देखरेख करता येईल, असा अभिप्राय तज्ज्ञांनी दिला. त्यात पहिल्या हालचालीच्या कसोटीचा वाटा मोठा होता. परंतु काही महिन्यांतच नव्या स्फोटांच्या नोंदी हाती आल्या आणि अडचण ध्यानात आली. धक्का लहान असेल तर पहिली हालचाल इतकी सूक्ष्म असते की वारा, समुद्राच्या लाटा, रस्त्यावरील वाहने यांमुळे जमिनीत सतत चालणाऱ्या थरथरीत ती बुडून जाते. नेमके जेथे ओळखणे आवश्यक, तेथेच ही कसोटी लंगडी पडली.

याचा परिणाम दूरगामी झाला. संशयास्पद धक्क्याच्या जागी जाऊन पाहणी करण्याचा हक्क वर्षाला सात वेळा मिळावा, असे अमेरिकेचे म्हणणे होते. सोव्हिएट संघ तीनपेक्षा अधिक द्यावयास तयार नव्हता. तडजोड झाली नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्को येथे जो करार झाला त्यात वातावरण, अंतराळ व पाण्याखाली चाचण्यांना बंदी झाली. भूमिगत चाचण्या मात्र मोकळ्या राहिल्या. जगात आजवर दोन हजारांहून अधिक अणुचाचण्या झाल्या. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भूमिगत असून बहुतेक या करारानंतरच्या आहेत. भूकंपविज्ञान त्या वेळी दहा वर्षांनी पुढे असते, तर इतिहास कदाचित वेगळा झाला असता, असे म्हणण्याचा मोह होतो; पण त्या वेळच्या राजकारणात विज्ञानाखेरीज इतर अडथळेही कमी नव्हते.

या निमित्ताने विज्ञानाला एक लाभ झाला. चाचण्या ओळखण्याच्या गरजेपोटी साठच्या दशकात अमेरिकेने जगभर सुमारे १२० ठिकाणी एकाच जातीची, एकाच प्रमाणावर जुळविलेली यंत्रे बसविण्यास साहाय्य केले. त्यांत आपल्याकडील पुणे, दिल्ली, शिलाँग व कोडाईकनाल ही केंद्रे होती. बाँबचा माग काढण्यासाठी उभारलेल्या या जाळ्यानेच भूकंपांचे पट्टे नेमके कोठे आहेत, हे दाखवून दिले आणि भूकवच मोठमोठ्या तबकांचे बनलेले असून ती सरकत असतात, या सिद्धांताला बळ मिळाले.

कसोट्या एकीवर एक

एकच कसोटी पुरेशी नाही हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी अनेक कसोट्या एकत्र वापरण्यास प्रारंभ केला. पहिली चाळणी स्थान आणि खोली यांची. चार वा अधिक महत्तेचे भूकंप वर्षाला दहा हजारांहून अधिक होतात. परंतु त्यांतील फार मोठा भाग समुद्राखाली किंवा भूपृष्ठापासून कित्येक किलोमीटर खोल असतो. मानवाने आजवर पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पावर असून ते बारा किलोमीटरच्या किंचित पुढे जाते. अणुचाचण्या तर बहुधा काहीशे मीटर खोलीवरच होतात. १८ मे १९७४ ची पोखरणची चाचणी १०७ मीटर खोलीवर झाली होती. तेव्हा तीस किलोमीटर खोलीवरील धक्का स्फोटाचा असूच शकत नाही. खोली ठरविण्याचीही एक युक्ती आहे. काही लहरी थेट वेधशाळेकडे जातात, तर काही आधी वर जाऊन भूपृष्ठावरून परावर्तित होतात व किंचित मागाहून पोहोचतात. या दोहोंतील सेकंदांचे अंतर मोजले की धक्का किती खोलवर बसला ते समजते.

दुसरी चाळणी पी लहरी व पृष्ठलहरी यांच्या तुलनेची. दोन्हींवरून वेगवेगळी महत्ता काढता येते. भूकंपात हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपास असतात. स्फोटात पृष्ठलहरींवरून काढलेली महत्ता सर्वसाधारणपणे एक किंवा त्याहून अधिक अंकाने कमी भरते. महत्तेच्या मापनात एका अंकाचा फरक म्हणजे लहरीच्या उंचीत दहापट फरक, हे लक्षात घेतले म्हणजे ही कसोटी किती भक्कम आहे ते कळेल. तथापि लहान धक्क्यांत पृष्ठलहरी दिसतच नाहीत. उत्तर कोरियाच्या काही चाचण्यांत तर ही तुलना अपेक्षेइतकी स्पष्ट निघाली नाही आणि कसोटीची सीमारेषा नव्याने आखावी लागली.

तिसरी व अलीकडे सर्वाधिक उपयोगी ठरलेली कसोटी म्हणजे जवळच्या, काहीशे किलोमीटर अंतरावरील वेधशाळेत पी व एस लहरींच्या उंचीचे गुणोत्तर पाहणे. त्यातही सेकंदाला पाच-दहा कंपने करणाऱ्या जलद लहरी तेवढ्या निवडून घेतल्या जातात. नीलोरच्या दोन आलेखांत आपण पाहिला तो हाच भेद होय.

कारा समुद्रातील धक्का

या कसोटीची खरी परीक्षा १९९७ साली झाली. सर्वंकष अणुचाचणी बंदी करार संयुक्त राष्ट्रांत संमत होऊन वर्षही लोटले नव्हते. १६ ऑगस्ट रोजी रशियाच्या उत्तरेस नोवाया झेमल्या बेटाच्या बाजूला सुमारे साडेतीन महत्तेचा धक्का नोंदला गेला. या बेटावर रशियाचे अणुचाचणी क्षेत्र आहे. रशियाने गुप्तपणे स्फोट केला असावा, असा संशय अमेरिकेच्या शासकीय वर्तुळात व्यक्त झाला आणि वृत्तपत्रांत बातम्या झळकल्या. रशियाने तो भूकंप असल्याचे सांगितले. परंतु आरोपीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

उत्तर दिले ते वेधशाळांनी. स्कँडिनेव्हियातील व इतर केंद्रांच्या नोंदी जुळविल्या असता धक्क्याचे स्थान चाचणी क्षेत्रात नव्हे, तर तेथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कारा समुद्राच्या तळाखाली निघाले. फिनलंडमधील केव्हो येथील आलेखात एस लहरी ठळक होत्या. त्याच केंद्रावर नोंदलेल्या पूर्वीच्या अणुस्फोटांच्या आलेखांशी हे चित्र मुळीच जुळत नव्हते. काही तासांनी त्याच जागी आणखी एक लहानसा धक्का बसल्याचेही आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी शासनाने नेमलेल्या तज्ज्ञांनीही तो अणुस्फोट नसल्याचे मान्य केले. मात्र १३ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकी सिनेटने या कराराला ४८ विरुद्ध ५१ मतांनी अनुमती नाकारली, तेव्हा 'लहान चाचण्या ओळखता येणार नाहीत' हा मुद्दा पुन्हा हिरिरीने मांडला गेला. पुरावा मिळणे वेगळे आणि तो पटणे वेगळे. हा करार अद्याप अमलात आलेला नाही. भारताने त्यावर स्वाक्षरी केलेली नाही.

अगदी अलीकडे, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, इराणच्या सेमनान प्रांतात सुमारे साडेचार महत्तेचा भूकंप झाला तेव्हाही 'इराणने अणुचाचणी केली' अशी अफवा समाजमाध्यमांतून काही तासांत जगभर पसरली. लहरींच्या अभ्यासातून तो विभंगावरील घसरणीमुळे झालेला साधा भूकंप असल्याचे दिसून आले. अफवेच्या मानाने हे स्पष्टीकरण फारच थोड्यांपर्यंत पोहोचले असावे.

एकाच डोंगराखाली तीन प्रकार

उत्तर कोरियातील पुंग्ये-री येथे ३ सप्टेंबर २०१७ रोजी झालेली चाचणी या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. प्रथम सुमारे सहा महत्तेचा धक्का बसला. त्यात पी लहरी जोरदार होत्या आणि सर्वत्र पहिली हालचाल बाहेर ढकलणारी होती. तो स्फोट होता. सुमारे साडेआठ मिनिटांनी तेथेच चार महत्तेचा दुसरा धक्का नोंदला गेला. त्यात मात्र जमीन आत ओढली गेल्याची खूण होती. स्फोटाने डोंगराच्या पोटात निर्माण झालेली पोकळी ढासळली होती. पुढील काही आठवड्यांत त्याच परिसरात लहान भूकंप होऊ लागले. त्यांपैकी २३ सप्टेंबरच्या धक्क्याला चीनच्या भूकंप संस्थेने प्रथम संशयित स्फोट म्हटले व नंतर तो निर्णय मागे घेतला. अनुभवी संस्थांनाही घाईत चूक होऊ शकते, याचे हे उदाहरण.

लहरी धक्क्याची जात सांगतात; स्फोट रासायनिक की अणूचा, हे त्या सांगू शकत नाहीत. त्यासाठी हवेचे नमुने घ्यावे लागतात. अणुस्फोटात निर्माण होणारा किरणोत्सर्गी झेनॉन वायू खडकांच्या भेगांतून झिरपून बाहेर पडतो. ऑक्टोबर २००६ मधील उत्तर कोरियाच्या पहिल्या, एक किलोटनाहून कमी शक्तीच्या चाचणीचा हा वायू सुमारे दोन आठवड्यांनी कॅनडातील यलोनाइफ येथे सापडला. २०१३ च्या चाचणीनंतर तो जपानमध्ये आढळला, पण सुमारे ५५ दिवसांनी. म्हणूनच बंदी कराराच्या देखरेखीसाठी आखलेल्या ३२१ केंद्रांत १७० भूकंपकेंद्रांबरोबर हवा तपासणारी ८० केंद्रेही आहेत.

लपविण्याचा मार्ग नाहीच, असे मात्र नव्हे. मिठाच्या थरात मोठी पोकळी करून तिच्या मध्यभागी स्फोट केला तर खडकाला बसणारा रेटा पुष्कळ कमी होतो. अमेरिकेने मिसिसिपी राज्यात १९६४ साली ५.३ किलोटनांचा स्फोट करून अशी पोकळी निर्माण केली आणि १९६६ साली तिच्यात ०.३८ किलोटनांचा दुसरा स्फोट केला. लहरी अपेक्षेच्या सुमारे सत्तराव्या हिश्श्याइतक्याच उठल्या. परंतु गुप्तपणे एवढी पोकळी खोदणे, मीठ-मातीचे ढीग उपग्रहांच्या नजरेआड करणे आणि वायूचा एक कणही बाहेर पडू न देणे हे सोपे नव्हे.

शक्तीचा अंदाज हाही असाच कठीण विषय. लहरी वाटेत किती शोषल्या जातात हे त्या त्या प्रदेशाखालील खडकांवर अवलंबून असते. नेवाडाखालील उष्ण खडक लहरी अधिक शोषतात, कझाकस्तानातील जुने थंड खडक कमी. हा फरक पुरेसा विचारात न घेतल्याने सोव्हिएट संघ १५० किलोटनांची मर्यादा ओलांडतो असे आरोप वर्षानुवर्षे झाले. १९८८ साली दोन्ही देशांनी एकमेकांच्या क्षेत्रांवर संयुक्त मोजमाप केले. ११ मे १९९८ च्या पोखरण स्फोटांच्या शक्तीविषयीही भारतीय व पाश्चात्त्य तज्ज्ञांत मतभेद झाले. तेथे एकाच वेळी तीन स्फोट झाले होते. त्यांच्या लहरी काही दिशांना एकमेकींत मिसळून दुबळ्या होतात, असे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. तो स्फोट होता की भूकंप, याविषयी मात्र वाद नव्हता. उलट १३ मे रोजी भारताने जाहीर केलेल्या, एक किलोटनाहून कमी शक्तीच्या दोन स्फोटांची नोंद परदेशांतील केंद्रांना मिळाली नाही.

आपल्याकडील यंत्रे आणि गावातील प्रश्न

भारताने या विद्येकडे लवकर लक्ष दिले. बंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथे १९६५ साली ब्रिटनच्या सहकार्याने भूकंपलेखकांची एक मालिका उभारण्यात आली. तिचे काम ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. परस्परांना काटकोनात असलेल्या दोन ओळींत, प्रत्येकी सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीवर, दहा-दहा यंत्रे मांडलेली. दूरची लहर प्रत्येक यंत्रापाशी किंचित वेगळ्या वेळी पोहोचते. तो फरक हिशेबात धरून सर्व नोंदी एकमेकींत मिळविल्या की स्थानिक थरथर दबते, खरी लहर उठून दिसते आणि ती कोणत्या दिशेने आली हेही कळते.

गावपातळीवर हाच प्रश्न लहान स्वरूपात उभा राहतो. जमीन हादरली, भांडी वाजली. हा भूकंप की शेजारच्या दगडखाणीतील सुरुंग? पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र व हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी तेथे यंत्रे बसविली. उथळ भूकंपांत जमिनीतून गडगडाट ऐकू येतो. त्यामुळे केवळ आवाज झाला म्हणून तो सुरुंगच, असे ठरविता येत नाही. सुरुंग बहुधा दिवसा, ठरावीक वेळी उडविले जातात आणि मोठ्या खाणींत एकेक छिद्र क्षणभराच्या अंतराने पेटविले जात असल्याने त्यांच्या आलेखाला एक ओळखू येण्याजोगी ठेवण असते. भूकंप मध्यरात्रीही होतात आणि खाणीच्या सुटीच्या दिवशीही. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने प्रत्येक हादऱ्याची तारीख, घड्याळातील मिनिटापर्यंतची वेळ आणि तो कोणकोणत्या वाड्यांवर जाणवला हे वहीत लिहून ठेवले, तर ती वही खाणीच्या सुरुंगांच्या नोंदीशी ताडून पाहता येते. उरलेल्या हादऱ्यांच्या वेळा भूकंपकेंद्राकडे पाठविल्यास तेथील शास्त्रज्ञांना आलेखात नेमके कोठे पाहावयाचे, ते कळते.